मिनी ट्रॅक्टरची क्विक हिच फ्रेम: चार इंचांचा हिशोब

मोंढ्यातल्या अवजारांच्या दुकानात मिनी ट्रॅक्टरवाल्यापुढे एक चौकट हमखास ठेवली जाते. उलट्या यू आकाराची, खाली दोन हुक, वर एक हुक, बाजूला ओढायची दांडी. ही क्विक हिच फ्रेम. ती ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही बाह्यांना (अवजार उचलणाऱ्या खालच्या दांड्यांना) आणि टॉप लिंकला, म्हणजे वरच्या मधल्या दांडीला, एकदाच बसवायची, मग रिव्हर्स घेत अवजाराच्या पिनांखाली आणून हायड्रोलिक उचललं की तिन्ही पिना हुकात. ‘सीटवरून उतरायचं कामच नाही,’ असं दुकानदार सांगतो. २० ते २८ एचपीच्या ट्रॅक्टरवर आणि मराठवाड्यातल्या काळ्या रानात हे कितपत खरं ठरतं, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. दिवसात तीन-तीन वेळा अवजार बदलणाऱ्याला ही फ्रेम कामाची आहे, तीही पुढे वजन लावून. खरिपात पेरणी, मग कोळपणी, दिवाळीनंतर रोटाव्हेटर, असं हंगामात चार-पाच वेळा अवजार बदलणाऱ्याने या फंदात पडू नये. तेवढ्याच पैशात टर्नबकलचे स्टॅबिलायझर (बाह्या आडव्या डुलू न देणारे, फिरवून लांबी बदलता येणारे ताण), चांगली टॉप लिंक आणि बाह्यांच्या टोकांचे, पिन ज्यात जाते ते, नवे बॉल घालून घ्यावेत. फायदा जास्त होईल.

मापापासून सुरुवात करू, कारण गडबड पहिल्यांदा तिथेच होते. मिनी ट्रॅक्टरची जोडणी बहुतेक कॅटेगरी १ ची, म्हणजे ठरलेल्या मापांच्या लहान गटातली, असते. खालच्या पिना २२ मिमी, टॉप लिंकची पिन १९ मिमी, आणि अवजाराच्या खालच्या दोन पिनांमधलं अंतर खांद्यापासून खांद्यापर्यंत ६८३ मिमी, म्हणजे जवळपास २७ इंच. कॅटेगरी २ मध्ये हीच मापं २८ मिमी, २५ मिमी आणि ८२५ मिमी होतात. मोठ्या ट्रॅक्टरचं जुनं अवजार स्वस्तात मिळालं म्हणून आणलं की २८ ची पिन २२ च्या बॉलमध्ये जातच नाही. तिथे बॉल घासून मोठा करायचा नाही, अवजाराची पिन बदलायची. उलट प्रकार असेल, म्हणजे पिन २२ ची आणि बॉल २८ चा, तर दुकानात तयार बुश, म्हणजे पिनेवर चढवायची जाड नळी, मिळतो. त्याऐवजी तार गुंडाळणं किंवा पाइपाचा तुकडा सरकवणं हे पाच-पन्नास रुपये वाचवण्यासाठी केलं जातं. पिन आत आपटत राहते आणि दोन हंगामांत बॉलचं भोक अंड्यासारखं होतं.

फ्रेमच्या हुकात तर २२ मिमीची पिन तशीच टाकता येत नाही. हुकाचा घसा मोठा असतो. खालच्या पिनांवर बाहेरून ३६ मिमीच्या आसपास आणि वरच्या पिनेवर ३२ मिमीच्या आसपास भरणारे बुश चढवावे लागतात, आणि तेही प्रत्येक अवजारावर वेगळे. चार अवजारं असतील तर चार संच. फ्रेमचा भाव विचारताना ‘बुश किती देणार?’ हे त्याच दमात विचारा, नाहीतर बिलाच्या वेळी तो आकडा वेगळा येतो.

यापेक्षा मोठी अडचण उंचीची. फ्रेमचा वरचा हुक खालच्या हुकांपासून साधारण १५ इंचांवर, म्हणजे ३८० मिमीवर, घट्ट बसवलेला असतो. आपल्याकडच्या अवजारांचा मास्ट, म्हणजे टॉप लिंक जिथे लागते तो उभा त्रिकोण, एकाच उंचीचा नसतो. गावच्या वर्कशॉपात केलेला मोगडा एका मापाचा, कंपनीचा रोटाव्हेटर दुसऱ्या, पेरणी यंत्र तिसऱ्याच. टॉप लिंक हाताने लावताना हा फरक कळतही नाही, लिंक आपोआप कोनात बसते. फ्रेमला मात्र तो चालत नाही. वरचा हुक एक तर पिनेपर्यंत पोहोचत नाही किंवा पिनेच्या वर राहतो. म्हणून वरचा हुक दोन-तीन भोकांत वर-खाली होईल अशीच फ्रेम घ्यावी. दुकानात जाण्यापूर्वी आखाड्यावरच्या (शेतातल्या गोठ्याजवळच्या) प्रत्येक अवजाराची खालच्या पिनेपासून वरच्या पिनेपर्यंतची उभी उंची टेपने मोजून कागदावर लिहून न्या. त्यातली दोन अवजारंही फ्रेमच्या मापात बसत नसतील तर तिथेच विषय संपतो.

आता त्या चार इंचांकडे येऊ. फ्रेम मध्ये आली की अवजार मागे सरकतं, साधारण १०० मिमी. शिवाय फ्रेमचं स्वतःचं वजन ३० किलोच्या आसपास. ‘चार इंचांनी काय होतंय,’ असं वाटतं. पण मिनी ट्रॅक्टरचं पुढचं टोक आधीच हलकं असतं.

आकडे मांडून बघा. समजा ट्रॅक्टर ८५० किलोचा आहे आणि पुढच्या चाकांवर त्यातले ३४० किलो येतात. दोन आसांमधलं अंतर दीड मीटर. मागे २५० किलोचा चार फुटी रोटाव्हेटर उचललेला, त्याचा भार मागच्या आसापासून १.१५ मीटरवर. तेवढ्याने पुढच्या चाकांवरचे १९२ किलो कमी होतात, उरतात १४८. फ्रेम लावली की रोटाव्हेटर १.२५ मीटरवर जातो, त्यात फ्रेमचे ३० किलो. आता २२४ किलो कमी होतात, उरतात ११६. अवजार वर असताना ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, हा सर्वसाधारण नियम. इथे तो १७० किलो होतो. फ्रेम नसताना पुढच्या बंपरला २० किलोची एक प्लेट लावली तरी भागतं, कारण प्लेट पुढच्या आसाच्याही अर्धा मीटर पुढे असल्याने तिचे तिथे २६-२७ किलो होतात. फ्रेम असेल तर दोन प्लेटा लावून जेमतेम काठावर येतो. हा सगळा उभ्या ट्रॅक्टरचा हिशोब आहे. पांदीच्या रस्त्याला गचके बसू लागले, नाल्याचा चढ आला की स्टिअरिंग हलकं होतं, चाकं वळवूनही ट्रॅक्टर सरळच जातो.

यावर दुकानात हमखास उत्तर मिळतं: ‘अहो, लिफ्ट साडेसातशे किलोची आहे.’ जिवो २४५ असो की कुबोटाचा निओस्टार ए२११एन, माहितीपत्रकात ७५० किलोच लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नाही. पण हा आकडा हायड्रोलिकचा आहे, बाह्यांच्या टोकाशी मोजलेला. टोकापासून ६१० मिमी मागे मोजला की तोच कमी भरतो. आणि हायड्रोलिकने उचललं म्हणजे पुढची चाकं जमिनीवर टेकून राहतील, असं नाही. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

उतरायचं काम नाही, हा दावा नांगर, मोगडा, वखर, सरी रिजर यांच्यापुरता खरा. रोटाव्हेटर किंवा मोसंबीच्या बागेतला फवारणीचा ब्लोअर लावायचा तर पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद अवजाराला देणारा फिरता दांडा, हातानेच लावावा लागतो. सहा खाचांचा, ३५ मिमीचा स्प्लाईन (शाफ्ट जिथे बसतो ते खाचांचं टोक), दाबायची पिन, साखळी, गार्ड. म्हणजे उतरणं आलंच. ट्रॅक्टर आणि अवजारात अंतर वाढल्यामुळे हात घालायला जागा जास्त मिळते, हे मात्र फ्रेमच्या बाजूने लिहायला हवं.

शाफ्टची लांबी हाच फ्रेमवाल्यांचा सगळ्यात महाग विसर. जुना शाफ्ट विनाफ्रेमच्या अंतराला कापलेला असतो. फ्रेम लावली की तो दोन नळ्यांमध्ये १०० मिमीने बाहेर निघतो. काम करताना नळी नळीत किमान एक तृतीयांश लांबीएवढी गेलेली असावी. त्याहून कमी असेल तर रोटाव्हेटरला दगड लागला की नळी पिळली जाते, किंवा धुऱ्यावर वळताना पूर्ण उचलल्यावर शाफ्ट निसटून फिरता-फिरता आपटतो. उलट टोकाला, सगळ्यात आखूड अवस्थेत नळी आत तळाशी टेकता कामा नये. दीड इंच तरी मोकळी राहावी. टेकली तर जोर थेट पीटीओच्या बेअरिंगवर जातो, आणि तिथला खर्च फ्रेमच्या किमतीहून मोठा.

म्हणून नवी फ्रेम लावल्यावर आधी शाफ्टचे दोन भाग वेगळे करून एक ट्रॅक्टरला, एक अवजाराला लावा. इंजिन बंद, चावी खिशात. हायड्रोलिकने अवजार हळूहळू वर-खाली करायला तेवढ्यापुरतं इंजिन लागेल, तेही शाफ्ट न जोडता; मापं मात्र इंजिन पुन्हा बंद करून, दोन्ही भाग फक्त शेजारी-शेजारी धरून घ्या. कुठल्या उंचीवर अंतर सगळ्यात कमी आहे ते शोधा, तिथे खूण करा. बहुधा दोन्ही स्प्लाईन एका रेषेत येतात तेव्हा ते सर्वांत कमी असतं, पण गृहीत धरू नका. कापायचा असेल तर आतली नळी, बाहेरची नळी आणि दोन्ही गार्ड सारख्याच मापाने कापायचे, कड कानसेने घासून साफ करायची, आत ग्रीस लावायचं. शाफ्ट कापता येतो, वाढवता येत नाही. मध्ये तुकडा वेल्ड करून ‘वाढवलेला’ शाफ्ट कोणी स्वस्तात देत असेल तर नमस्कार करून पुढे जा. जोडताना दोन्ही टोकांचे कान, म्हणजे क्रॉसचा सांधा धरणाऱ्या बेचक्या, एकाच रेषेत आहेत का ते पाहा. चौकोनी नळी चुकून पाव फेरा फिरवून घातली की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस महिनाभरात वाजायला लागतो. शिअर बोल्ट, म्हणजे जास्त जोर आला की आधी तुटावा म्हणून दिलेला बोल्ट, तुटला तर मॅन्युअलमध्ये आहे त्याच ग्रेडचा घाला. ‘कडक घाला, तुटणार नाही’ म्हणणाऱ्याला गिअरबॉक्सचे दात दाखवा.

धोतराचा सोगा, उपरणं, पदर, हे सगळं शाफ्टपासून लांब. गार्ड फुटला असेल तर काम सुरू करण्याआधी बदला.

काळ्या मातीत फ्रेमचा आणखी एक दोष दिसतो, जो मुरमाड रानात फारसा जाणवत नाही. पाऊस पडून गेल्यावर वापसा यायच्या आत गडबडीत अवजार उचललं की हुकाच्या घशात चिकणमाती भरते. कुलूपदांडी वरून बंद झाल्यासारखी दिसते, पण जीभ पिनेखाली पूर्ण गेलेली नसते. रानात काही होत नाही. रस्त्यावर पहिल्या गतिरोधकाला अवजाराची एक बाजू निसटते. याला उपाय एकच: जोडल्यावर अवजार सहा इंच उचलून सीटवरूनच हायड्रोलिकची दांडी दोनदा झटकन हलवा, मग खाली उतरून दोन्ही जिभा डोळ्यांनी बघा. हुक लाकडी काटकीने साफ करा. हुकाला ग्रीस चोपडू नका, माती आणि ग्रीस मिळून पिनेला कानस लावल्यासारखं घासतं.

अवजार उभं कुठे करता, यावरही बरंच ठरतं. आखाड्यावर रोटाव्हेटर मोकळ्या जागेत ठेवला की पावसाळ्यात एक बाजू चार इंच खचते. दोन सुट्या बाह्या असल्या की एक आधी, दुसरी नंतर, लाथ मारून का होईना लागते. ताठ फ्रेमला मात्र दोन्ही पिना एकाच वेळी, एकाच पातळीत हव्या असतात. मग उजव्या बाजूची लेव्हलिंगची मूठ फिरवत बसा, आणि वाचवलेला वेळ तिथेच जातो. फ्रेम घेणारच असाल तर प्रत्येक अवजाराखाली दोन शहाबादी फरशा किंवा जाड लाकडी ओंडके पक्के टाकून ठेवा.

वर्कशॉपात करून घेतलेली फ्रेम की कंपनीची? जालना, लातूर, नांदेडकडे फॅब्रिकेशनवाले भरपूर आहेत, आणि तुमच्या अवजारांच्या उंचीप्रमाणे वरचा हुक करून मिळतो, हा मोठा फायदा. मात्र साध्या पत्र्यातून गॅस कटरने कापलेले हुक लवकर झिजतात. हुकाची कड हाताला खडबडीत लागली, वेल्डिंग एकाच बाजूने असलं, किंवा खालच्या हुकांचं अंतर दोन्ही टोकांना एक-दोन सूत कमी-जास्त भरलं, तर परत द्या. चौकट तिरकी आहे का हे बघायला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरप्या रेषा मोजा. सारख्या भरल्या पाहिजेत.

आता ज्या संचाची शिफारस वर केली, त्याबद्दल. मिनी ट्रॅक्टरसोबत बऱ्याचदा साध्या साखळीचे स्टॅबिलायझर येतात. चालू लांबीत एक कडी कमी-जास्त एवढंच करता येतं. टर्नबकलवाली जोडी घातली की अर्ध्या फेऱ्याने बदल होतो, आणि रानात फरक इथेच दिसतो. रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्राला बाह्या जवळपास ताठ हव्यात, आडवं हलवल्यावर एक सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. नांगराला थोडी ढील लागते, तो स्वतःचा तास धरून चालला पाहिजे. ताठ बांधलेला नांगर ट्रॅक्टरलाच ओढतो. उचलल्यावर मात्र नांगरही घट्ट असावा, म्हणजे बाही मागच्या टायरला लागणार नाही.

टर्नबकल घट्ट करताना एक चूक जवळजवळ सगळे करतात. अवजार खाली टेकवलेलं असताना पान्याने करकचून आवळतात. स्टॅबिलायझरची पुढची खुंटी आणि बाहीची पुढची खुंटी बहुतेक ट्रॅक्टरवर एका रेषेत नसते, त्यामुळे बाही वर जाईल तसा ताण वाढतो. मग हायड्रोलिक उचलतं तेव्हा खालचा ब्रॅकेट वाकतो किंवा बोल्ट कातरला जातो, आणि दोष लिफ्टवर येतो. आधी अवजार सावकाश पूर्ण वर न्या, ताण कुठे सगळ्यात जास्त येतो ते बघा, तिथे हात लावून किंचित ढील राहील एवढंच आवळा, मग चेकनट (आटा आपोआप फिरू न देणारा नट) लावा.

ट्रॅक्टरच्या मध्यावर अवजार आहे का, हे डोळ्याने ठरवू नका. मागच्या टायरच्या आतल्या कडेपासून बाहीपर्यंत दोन्हीकडे टेप लावा. सोयाबीनचं बीबीएफ करताना, म्हणजे रुंद वरंब्यावर पेरताना, अवजार दोन इंच एका बाजूला असलं तर पेरणीच्या दिवशी काही वाटत नाही. तीन आठवड्यांनी कोळपणीला गेलं की एका बाजूचं पातं ओळीच्या मुळात जातं.

आडवी पातळी उजव्या बाजूच्या लिफ्ट रॉडने, म्हणजे बाही वर टांगणाऱ्या दांडीने. डावा बहुधा ठरलेल्या लांबीचा असतो. ट्रॅक्टर सपाट फरशीवर उभा करा, आधी दोन्ही मागच्या टायरची हवा सारखी करा (हे विसरलं की पुढचं सगळं मोजमाप वाया), मग दोन्ही बॉल जमिनीपासून किती उंच ते मोजा. साध्या नांगराचं वेगळं. उजवं चाक तासात उतरतं, ट्रॅक्टर तिकडे कलतो, म्हणून उजवा रॉड आखूड करून अवजार जमिनीला समांतर आणावं लागतं.

पुढची-मागची पातळी टॉप लिंकची. लिंक आखूड केली की अवजाराचं नाक खाली, पुढचे फण खोल. लांब केली की मागचे फण खोल. मोगडा रानात वीस पावलं चालवून थांबा, पुढच्या आणि मागच्या ओळीच्या फणाची खोली काडीने मोजा. पुढचे खोल जात असतील तर लिंक एक फेरा लांब. रोटाव्हेटरला टॉप लिंकने खोली ठरवायची नसते. काम करायच्या उंचीवर गिअरबॉक्सचा स्प्लाईन आणि पीटीओचा स्प्लाईन एकमेकांना समांतर येतील एवढीच ती ठेवायची, म्हणजे दोन्ही क्रॉसवर सारखा कोन पडतो. खोली स्कीडवर, म्हणजे बाजूच्या घसरपट्टीच्या भोकांवर. पोझिशन कंट्रोलवर (अवजार ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या लिव्हरवर) काम करा. ड्राफ्टचा, म्हणजे ओढ वाढेल-घटेल तसं अवजार वर-खाली करणारा लिव्हर नांगरासाठी ठेवा. रोटाव्हेटरला ड्राफ्ट लावला की पाती एकदा ढेकळात, एकदा हवेत, असा खेळ होतो.

टॉप लिंक विकत घेताना दोन्ही बाजूंचे आटे हाताने सुळसुळीत फिरले पाहिजेत आणि मध्ये चेकनट हवा. चेकनट नसलेली लिंक थरथरीने आपोआप फिरते, सकाळी लावलेली पातळी दुपारपर्यंत राहत नाही. ट्रॅक्टरकडच्या टोकाला वर-खाली दोन-तीन भोकं असतात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलं भोक सोडून दुसऱ्यात घातली तर ड्राफ्टची संवेदना बदलते, अवजार उचलण्याचा कोनही बदलतो. त्या भोकाला ट्रॉली ओढायची साखळी अडकवणारे आजही सापडतात. ओढ आसाच्या वर गेली की पुढची चाकं हवेत उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. ट्रॉली फक्त खालच्या हुकाला.

हाताने जोडायचा क्रम: डावी बाही आधी, मग उजवी (ती लेव्हलिंगने वर-खाली करता येते), मग टॉप लिंक, शेवटी शाफ्ट. काढताना बरोबर उलट. शाफ्ट निघाला की टॉप लिंकची पिन काढण्याआधी लिंक ढिली करून ताण काढायचा, तसं न करता पिन हातोड्याने ठोकली की तिचं टोक पसरतं आणि पुढच्या वेळी ती भोकातच जात नाही. प्रत्येक पिनेला लिंच पिन, म्हणजे कडीची अडकपिन. खिळा किंवा वाकवलेली तार चालणार नाही. डाव्या-उजव्या लिंच पिनांना एकेक लाल सुतळी बांधली तर ढेकळात पडल्यावर सापडतात, आणि लागली आहे की नाही ते सीटवरूनही दिसतं.

भाड्याने ट्रॅक्टर फिरवणारा, सकाळी मोसंबीत ब्लोअर, दुपारी रोटाव्हेटर, संध्याकाळी सरी असं काम असणारा, त्याने फ्रेम घ्यावी: वरचा हुक सरकणारा, बुशचे चार संच, पुढे दोन प्लेटा, आणि नव्या मापाचा शाफ्ट. द्राक्षाच्या बागेत धुऱ्यावर वळायला जागा मोजकीच असते, तिथे चार इंच लांबी वाढवण्याआधी अवजार लावून एकदा वळून बघा. ज्यांच्याकडे १५-१८ एचपीचा एक सिलेंडरवाला ट्रॅक्टर आहे, त्यांनी दुकानात या फ्रेमकडे बघून पुढे सरकावं आणि काउंटरवर बॉलची जोडी मागावी. जुन्या बॉलमध्ये पिन घालून हलवल्यावर तीन मिमीपेक्षा जास्त खडखड होत असेल तर टर्नबकल कितीही आवळले तरी अवजार डुलतच राहणार.